इच्छास्वातंत्र्याचा पंचनामा

परभणी जिल्ह्यात एखाद्या शेतकऱ्याने जीवन संपवले की त्याच्या नावाची एक फाइल तयार होते. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सातबारा, आठ-अ, बँकेचा किंवा सोसायटीचा थकबाकीचा दाखला, घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे जबाब असे कागद तलाठ्यापासून तहसीलमार्गे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपर्यंत पोहोचतात. समितीपुढचा प्रश्न एकच असतो. हा माणूस नापिकी, कर्जबाजारीपणा आणि वसुलीचा तगादा यांमुळे गेला, की आणखी कशाने? पहिले उत्तर निघाले तर प्रकरण पात्र ठरते आणि कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. ३० हजार हातात आणि ७० हजार मासिक उत्पन्न योजनेत. दुसरे निघाले तर प्रकरण अपात्र. २००६ पासून ही रीत चालत आली आहे आणि रक्कमही जवळपास दोन दशके तेवढीच राहिली आहे. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदींनुसार २०२३ मध्ये मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांपैकी १०३ परभणी जिल्ह्यातले होते. म्हणजे एका वर्षाच्या मृत्यूंसाठी एकट्या या जिल्ह्यात हा प्रश्न शंभरावर वेळा विचारावा लागला.

माणसाला खरोखर इच्छास्वातंत्र्य असते की तो नुसता भास आहे, हा वाद एरवी पुस्तकांत आणि व्याख्यानमालांत चालतो. या फायलींमध्ये मात्र त्याचा निकाल लावावा लागतो. समितीतल्या अधिकाऱ्यांनी तत्त्वज्ञान वाचलेले असो वा नसो, त्यांच्या हाती दिलेल्या निकषांत एक तत्त्वज्ञान आधीच गृहीत धरलेले आहे. माणसाच्या कृतीला एक तर बाहेरची परिस्थिती कारण असते, नाही तर तो स्वतः. परिस्थिती कागदावर सिद्ध झाली तर सरकारने काहीतरी द्यायचे; घरातला वाद, दारू किंवा आजारपण पुढे आले तर ते ‘वैयक्तिक कारण’, म्हणजे त्याचे त्याने केले. माझे म्हणणे असे की ही विभागणीच चुकीची आहे. इच्छास्वातंत्र्य खरे आहे, पण ते सगळ्यांना सारखे वाटून दिलेले आणि कधीच न घटणारे नाही. ती एक क्षमता आहे. हातातला पैसा, झोप, तब्येत, विचार करायला मिळणारा वेळ, ज्याच्यापाशी मन मोकळे करावे असे माणूस, यांवर ती वाढते आणि आटते. या गोष्टींतल्या बऱ्याचशा त्या एकट्याच्या हातात नसतात. म्हणून माणसाची इच्छा मान्य करायची आणि परिस्थितीलाही जाब विचारायचा, यात विसंगती काही नाही.

इच्छास्वातंत्र्य हा भास आहे असे सांगणारे लोक बहुधा मेंदूशास्त्राचा दाखला देतात, तेव्हा आधी तो तपासू. अमेरिकी शास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांनी १९८३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मनाला येईल तेव्हा मनगट हलवा आणि हलवावेसे नेमके कधी वाटले ते घड्याळात पाहून सांगा, एवढेच लोकांना सांगितले होते. हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत विद्युत हालचाल सुरू झालेली दिसे, आणि ‘मला हलवायचे आहे’ ही जाणीव मात्र पाव सेकंदाहूनही कमी वेळ आधी. यावरून निष्कर्ष काढला गेला की मेंदू आधी ठरवतो आणि आपण मागाहून ‘मी ठरवले’ म्हणतो. २०१२ मध्ये आरन शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ती आधीची हालचाल म्हणजे झालेला निर्णय असेलच असे नाही. मेंदूत सतत चालू असलेल्या चढउतारांची अनेक वेळांची सरासरी काढली तरी आलेख तसाच दिसतो. हा वाद अजून चालू आहे. २०२३ मध्ये रॉबर्ट सापोल्स्की यांनी ‘डिटरमिन्ड’ या पुस्तकात प्रत्येक कृतीमागे जनुके, बालपण, संप्रेरके आणि समाज यांची अखंड साखळी असते, म्हणून इच्छास्वातंत्र्याला जागाच नाही, असे ठामपणे मांडले. सापोल्स्की यांनी दिलेला पुरावा मला बहुतांशी पटतो, त्यांचा निष्कर्ष पटत नाही. कारणे असणे वेगळे आणि सक्ती असणे वेगळे. जमिनीचा पोत, पावसाचा अंदाज आणि गेल्या वर्षीचा भाव पाहून एखादा शेतकरी कपाशीऐवजी तूर पेरतो, तेव्हा त्याच्या निवडीला कारणे असतातच. ती कारणे त्याने तोलली, म्हणून तर ती निवड त्याची. कोणत्याही कारणाशिवाय होणाऱ्या निवडीला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही, ती फाशांची उलथापालथ झाली. तेव्हा खरा प्रश्न निवडीला कारणे होती का, हा नाही. कारणे तोलायला त्या माणसाला जागा होती का, आणि किती होती, हा आहे. मनगट हलवण्याच्या प्रयोगातून याचे उत्तर मिळणार नाही, कारण तिथे पणाला काहीच लागलेले नसते.

ही जागा कशी कमीजास्त होते याचा पुरावा शेतीतूनच मिळाला आहे. आनंदी मणी, सेंदिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोडणीआधी, म्हणजे हात रिकामा असताना, आणि पैसे हातात आल्यावर अशा दोन वेळा त्याच शेतकऱ्यांच्या विचारशक्तीच्या आणि लक्ष एकवटण्याच्या चाचण्या घेतल्या. माणूस तोच, शिक्षण तेच, घर तेच. तरी तोडणीआधी त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली होती. चणचण मनातली जागा व्यापते, मग बाकीच्या विचारांना उरते ती उरलीसुरली. हे मराठवाड्यातल्या जिरायत शेतकऱ्याला लावून पाहा. मृगाच्या तोंडावर बियाणे, खत, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि फीचा खर्च एकदम अंगावर येतो, आणि पीककर्जाचे नूतनीकरण नेमके तेव्हाच अडलेले असते. रोख नसली की कृषी सेवा केंद्रातून उधारीवर माल उचलावा लागतो. उधारीवर घेणाऱ्याला वाण निवडता येत नाही, दुकानदार पुढे करील ती पिशवी घ्यावी लागते. तो दर विचारीत नाही, कारण विचारून उपयोग नसतो. काढणी झाली की त्याच उधारीपोटी सोयाबीन ओलसर असतानाच आडत्याकडे न्यावे लागते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली होता. खरेदी केंद्रावर माल द्यायचा तर १२ टक्क्यांच्या आत ओलावा हवा, ही अट नोव्हेंबरात १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली. तोवर ज्याला थांबणे परवडत नव्हते त्याचा माल विकून झाला होता. कागदावर त्याला प्रत्येक पायरीवर निवड होती. हे वाण की ते, आज विकायचे की महिन्याने, केंद्रावर की आडतीवर. प्रत्यक्षात त्या हंगामात त्याने एकही निर्णय मोकळेपणी घेतला नाही.

यातून आत्महत्येपर्यंतची वाट सरळ जाते असे मी म्हणत नाही. बहुसंख्य शेतकरी यातून दरवर्षी निभावून नेतात. पण मोठ्या संख्येत पाहिले तर दुवा दिसतो. टॅमा कार्लटन यांनी २०१७ मध्ये भारतातल्या सुमारे अर्ध्या शतकाच्या आकडेवारीवर केलेल्या अभ्यासात असे आढळले की पीक उभे असण्याच्या हंगामात, २० अंशांच्या वरच्या दिवशी, तापमान एका अंशाने वाढले की देशभरात सरासरी ६७ आत्महत्या जास्त होतात. हंगामाबाहेर तेवढीच उष्णता वाढली तर तसा परिणाम दिसत नाही. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले आहेत आणि नेमक्या आकड्यावर मी अडून बसणार नाही. तरी हंगामात आणि हंगामाबाहेर असा फरक पडत असेल, तर तो उन्हाने डोके तापण्याचा परिणाम नाही हे उघड आहे. पीक जळण्याचा आहे. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत दिली गेली तेव्हा आत्महत्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटले, असे कॉर्नेलियस ख्रिस्तियन, लुकास हेन्झेल आणि ख्रिस्टोफर रॉथ यांच्या अभ्यासात दिसले. प्रत्येक माणूस पूर्णपणे स्वतःच्या मर्जीने, परिस्थितीपासून अलिप्त राहून मरणाचा निर्णय घेत असता, तर तापमान आणि रोकड यांच्याबरोबर हे आकडे वरखाली झाले नसते.

इथवर वाचणाऱ्याला वाटेल की मग इच्छा हा भासच ठरला. उलट, पुढचा पुरावा इच्छेच्या बाजूने साक्ष देतो, आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेतला तोच सर्वांत वजनदार पुरावा आहे. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्यांचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. तिथल्या सरकारने १९९५ पासून टप्प्याटप्प्याने अत्यंत विषारी कीटकनाशके बाजारातून काढून टाकली. पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण जवळपास ७० टक्क्यांनी खाली आले. लोकांच्या अडचणी संपल्या नव्हत्या, स्वतःला इजा करून घेण्याचे प्रकारही तेवढे घटले नव्हते. पण त्या घटकेला हाताशी जे होते ते पूर्वीइतके प्राणघातक राहिले नव्हते, म्हणून माणसे वाचली. या बंदीमुळे शेतीचे उत्पादन घसरल्याचेही दिसले नाही, हे आपल्याकडच्या कृषी खात्याने आणि विद्यापीठांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. इंग्लंड आणि वेल्समध्ये घरगुती विषारी गॅसच्या जागी नैसर्गिक वायू आला त्या काळात, १९६३ ते १९७५ या बारा वर्षांत, वर्षाला ५,७१४ असलेल्या आत्महत्या ३,६९३ वर आल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावरून परत आणलेल्या ५१५ जणांचा मागोवा रिचर्ड सायडन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतले सुमारे ९४ टक्के लोक तेव्हा हयात होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. ज्याने मरायचे ठरवलेच आहे तो काहीही करून मरतोच, ही आपल्याकडची सर्रास समजूत त्यांमुळे खोटी ठरते. ती घटका टळली तर बहुतेक माणसे पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. म्हणजे त्या घटकेची इच्छा ही त्या माणसाची सगळी, पूर्ण तोललेली इच्छा नव्हती. तिच्या पुढे-मागे त्याची दुसरीही इच्छा होती: लेकीला शिकवायची, विहिरीचे काम पुरे करायची, आईला दवाखान्यात न्यायची. ती इच्छा खोटी नव्हती, त्या घटकेपुरती झाकली गेली होती. वेळ मिळाला, कोणी सोबत बसले, झोप लागली, की तोच माणूस वेगळा निर्णय घेतो. इच्छा नुसता भास असती तर वेळ मिळाल्याने काही बदलायला नको होते. आणि इच्छा परिस्थितीपासून स्वतंत्र असती, तरी नुसत्या वेळाने फरक पडला नसता. दोन्ही टोकांची मते याच ठिकाणी अडखळतात.

ही दृष्टी परदेशी अभ्यासांतून उसनी आणावी लागत नाही. माणसाचा पुरुषार्थ काही करू शकत नाही, सगळे नियतीने ठरलेले आहे, असे बुद्धाच्या काळात आजीवक पंथाचा मक्खली गोसाल सांगत होता, आणि बौद्ध-जैन दोन्ही परंपरांनी त्याला कडाडून विरोध केला. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. कर्ता त्यात आहे, पण पाचांतला एक. महाभारताच्या अनुशासन पर्वात युधिष्ठिर दैव मोठे की प्रयत्न असे विचारतो, तेव्हा भीष्म त्याला जुना संवाद ऐकवतात; त्यात पुरुषाचा प्रयत्न म्हणजे शेत आणि दैव म्हणजे बी, दोन्हींचा संयोग झाला तरच पीक येते, असे उत्तर दिले आहे. परभणीच्या काळ्या जमिनीत राहणाऱ्याला हे निराळे समजावून सांगायला नको. भारी जमिनीत एखाद-दुसरा ताण पीक सोसते, मुरमाड माळावर तेवढ्याच उघडिपीत ते करपते, आणि म्हणून माळावरच्या माणसाने मशागत कमी केली असे कोणी म्हणत नाही.

पहिला आणि सगळ्यांत जोरात घेतला जाणारा आक्षेप इथेच येतो. त्याच गावात, तेवढीच जमीन, तेवढेच कर्ज असलेला शेजारी उभा राहिला ना? मग यानेच हाय का खाल्ली? आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्यातली ‘तेवढेच’ ही गोष्ट सातबाऱ्यावरची आणि बँकेच्या पुस्तकातली आहे. एकाचा भाऊ पुण्यात नोकरीला आहे, दुसऱ्याच्या घरी दोन वर्षे अंथरुणाला खिळलेला बाप आहे. एकाचे कर्ज सोसायटीचे, दुसऱ्याचे सोसायटीचे तेवढेच आणि वर सोयऱ्याकडून लग्नासाठी घेतलेले हातउसने, जे कोणत्याच दाखल्यावर येत नाही पण ज्यामुळे चार माणसांत मान खाली घालावी लागते. एकाला नैराश्याचा आजार आहे आणि तो आजार आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. ही यादी वाढवली म्हणजे माणूस यंत्र ठरतो असे नाही. दोघांपुढची जागा सारखी नव्हती, एवढेच त्यातून दिसते.

पंचनामा नेमका इथे तोकडा पडतो. तो घटनेच्या आदल्या दिवशीचा दुवा पकडतो. दारू पिऊन घरात भांडण झाले, मग हे घडले. सबब कारण कौटुंबिक. पण दारू कधीपासून वाढली? २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर, की सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडला झोडपून काढणाऱ्या पावसात उभे पीक पाण्याखाली गेले तेव्हापासून? आजारपण हे वैयक्तिक कारण खरे. पण उपचारासाठी एकर विकावा लागला आणि उरलेल्या रानात खर्च निघेना, तेव्हा आजार संपून नापिकी कुठे सुरू झाली हे कोण सांगणार? तीच गोष्ट कर्जाची. निकषांत बसते ते राष्ट्रीयीकृत वा सहकारी बँकेचे, पतसंस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे. विनापरवाना सावकारी २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ज्याला बँक दारात उभे करीत नाही तो नेमका तिथेच जातो. सर्वांत जास्त अडलेल्याचे कर्ज दाखल्याअभावी मोजणीतून गळते. दुसऱ्याचे रान बटईने किंवा ठोक्याने करणाऱ्या भूमिहीनाचे तर जमिनीच्या उताऱ्यावर नावच नसते.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. सगळ्याला परिस्थिती जबाबदार धरली तर मग बोगस बियाणे विकणारा, घरी येऊन बायकोपोरांसमोर अपमान करणारा वसुलीवाला, लाच मागणारा कर्मचारी, यांनाही ‘परिस्थितीने केले’ म्हणून सोडायचे का? अजिबात नाही. माझ्या मांडणीत जबाबदारी नष्ट होत नाही, ती स्वातंत्र्याच्या मापाने वाटली जाते. बोगस बियाण्याची पिशवी भरणाऱ्याला थांबायला महिने होते, दुसरे धंदे होते, नफ्याचा हिशेब त्याने शांतपणे मांडला होता. त्याच्यापुढे जागा मोठी, म्हणून त्याची जबाबदारी मोठी. ज्याच्यापुढे जागाच उरली नव्हती त्याच्याकडे बोट दाखवायचे आणि ज्याच्यापुढे भरपूर होती त्याच्यावर गुन्हाही नोंदवायचा नाही, हा आजचा व्यवहार मात्र उलटा आहे.

कायद्याने ही गोष्ट एकीकडे मान्यही केली आहे. १९८६ मध्ये मुंबई पोलीस दलातल्या एका शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. अपघातानंतर त्या शिपायाला मानसिक आजार जडला होता. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पुन्हा वैध ठरवले, पण विचार थांबला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने असे गृहीतच धरायला सांगितले की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र तणावाखाली होती; तिला शिक्षा करायची नाही, तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतून ते सरसकट कलम गेलेही. आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. शेतकरी वाचला, तर कायदा म्हणतो की तो तणावाखाली होता, पुरावा द्यायचा असेल तर तो उलट बाजूने द्या. तोच शेतकरी वाचला नाही, तर सरकारची योजना त्याच्या बायकोला सांगते की तो आमच्या मान्य तणावाखाली होता हे तू कागदांनी सिद्ध कर. एकाच राज्यव्यवस्थेने एकाच माणसाच्या इच्छेबद्दल दोन परस्परविरुद्ध गृहीतके धरली आहेत, आणि त्याची किंमत मागे राहिलेली बाई मोजते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. तुझ्या हातात फारसे काही नाही असे अडचणीतल्या माणसाला सांगणे, म्हणजे त्याला आणखी खचवणे नव्हे का? ‘नशिबातच नाही’ हे वाक्य खेड्यापाड्यांत आधीच काय कमी ऐकू येते? कॅथलीन व्होस आणि जोनाथन स्कूलर यांच्या २००८ च्या प्रयोगात इच्छास्वातंत्र्य नाकारणारा मजकूर वाचलेल्यांनी जास्त लबाडी केली होती. पुढे मोठ्या प्रमाणावर तो प्रयोग पुन्हा केला गेला तेव्हा तो परिणाम टिकला नाही. तरी धोका मी नाकारत नाही. म्हणून काय सांगायचे ते काळजीपूर्वक ठरवले पाहिजे. ‘तुझ्या हातात काही नाही’ हे असत्य आहे. ‘सगळे तुझ्याच हातात आहे, मन घट्ट कर’ हेही असत्य आहे, आणि खचलेल्या माणसाच्या कानांवर ते दोषारोप होऊन पडते. खरे वाक्य असे: आज तुझा विचार कोंडला गेला आहे, तो मोकळा होऊ शकतो, आणि त्यासाठी तू एकट्याने झगडायची गरज नाही. हे नुसते धीराचे बोल नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याबद्दल बोलणे सुरू केले, समुपदेशनाची आणि डॉक्टरांची सोय जवळ आणली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावे त्यात नव्हती, ही त्या अभ्यासाची मर्यादा. तरी आपल्याच राज्यातल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात हे घडले आहे, आणि त्या प्रकल्पाने कोणाचे कर्ज माफ केलेले नव्हते.

परभणीत याची चौकट कागदावर तयार आहे. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात आशा सेविकांनी घरोघरी जाऊन तणावग्रस्त शेतकरी ओळखायचे आणि त्यांना समुपदेशनापर्यंत पोहोचवायचे, असे ठरले. आशाताईंवर लसीकरणापासून बाळंतपणापर्यंत इतकी कामे आहेत की हे सर्वेक्षण अर्ज भरण्यापुरते उरू नये यासाठी त्यांना वेगळे मानधन आणि पुरेसे प्रशिक्षण हवे. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते. हा क्रमांक प्रत्येक कृषी सेवा केंद्रात, सोसायटीच्या कचेरीत आणि बाजार समितीच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत असायला हवा, कारण अडलेला शेतकरी दवाखान्याच्या आधी तिथे जातो. मनाची जागा वाढवणारे उपाय सगळे मानसोपचाराचेच असतात असेही नाही. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने मिळते. ज्या बाजार समितीत ती नीट चालते, तिथल्या शेतकऱ्याला आज विकू की थांबू हा प्रश्न खरोखर स्वतःला विचारता येतो.

राहिला मदतीचा मुद्दा. निकष सैल केले तर पैशासाठी माणसे जीव देतील, अशी भीती अधिकारी आणि काही अर्थतज्ज्ञ बोलून दाखवतात. एक लाख रुपयांसाठी कोणी मरतो, असे मानायला लागणारा पुरावा मला कुठे दिसलेला नाही. तरी ती भीती खरी धरली तरीही वाट आहे. मदत मृत्यूच्या कारणाशी बांधूच नका, मागे राहिलेल्यांच्या गरजेशी बांधा. घरात कमावते कोण उरले, मुले शाळेत आहेत का, जमीन विधवेच्या नावावर झाली का, खासगी देणे किती आहे, हे प्रश्न तलाठी आठवड्याभरात तपासू शकतो आणि त्यांची उत्तरे पडताळता येतात. मेलेल्या माणसाच्या मनात शेवटच्या घटकेला नापिकी होती की भांडण, हे कोणत्याच समितीला कळू शकत नाही. तो रकाना प्रस्तावातून काढून टाकावा आणि आजवर ‘अपात्र’ म्हणून बंद केलेल्या फायली, निदान गेल्या पाच वर्षांतल्या, या नव्या प्रश्नांसह पुन्हा उघडाव्यात. निकष राज्य सरकारचे आहेत, त्यामुळे हा बदल मुंबईत व्हावा लागेल. पण त्या कुटुंबांची यादी करून त्यांच्या घरी एकदा जाऊन येण्यासाठी परभणीच्या जिल्हा प्रशासनाला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या पेरणीच्या आधी ते होऊ शकते.